गोधडीच्या पोटात

२००९ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून मी पहिली गोधडी आणली. ती विकायला नव्हतीच. पितळी भांड्यांना माती लागू नये म्हणून खाली अंथरली होती. घरी येऊन मी ती गरम पाण्यात भिजत घातली, आणि तासाभरात पाणी लालभडक. एका तुकड्याचा रंग शेजारच्या मांजरपाटावर उतरला, तो आजही तसाच आहे. त्या डागाकडे पाहिलं की अजून जीव चुटपुटतो.

आज घरात सदतीस गोधड्या आहेत. पहिली चार-पाच वर्षं मी सर्वांत जुनं कापड शोधायचे आणि तेच गोधडीचं वय धरायचे. इरकलीचा टोपपदर दिसला, गुळेदगुड्डचा खण दिसला की पणजीचा काळ! अशाच एका गोधडीच्या कोपऱ्यात बोटभर तपकिरी चौकडा होता. त्याचा एक धागा ओढून मी मेणबत्तीवर धरला. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. हा मात्र आक्रसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. म्हणजे टेरिलीनच्या जातीचं कापड. ते आपल्याकडे घरोघरी पोचलं साठच्या दशकापासून पुढे. तुकडा मागाहून लावलेलं ठिगळ असेल, अशी आशा होती. पण धावदोऱ्याची तीच ओळ खणावरून निघून त्या चौकड्यावरून सरळ पुढे गेली होती. लुगडं ट्रंकेत पन्नास वर्षं पडून राहू शकतं. गोधडीचं वय तिच्यातला सर्वांत नवा तुकडा सांगतो. त्या दिवशी मी वहीतल्या निम्म्या नोंदी खोडल्या.

मग नजर खाली वळली, अस्तराकडे. तिथे थानाचं टोक वापरलेलं असतं आणि त्यावर कधी गिरणीचा पुसट छाप सापडतो. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत, म्हणजे त्यांचा छाप असलेलं कापड त्याआधीचं. माझ्याकडे असे छाप असलेली तीन अस्तरं आहेत. अक्षरं अर्धीच उरली आहेत, तरी मी त्यांना पाणी लावत नाही.

सर्वांत जास्त शिकवलं ते सातारा जिल्ह्यातल्या एका आजींनी. त्यांच्या सासूची वाकळ, म्हणजे गोधडीच, त्यांनी मला दिली. कोपरा फाटला होता, तिथून मी आत बोट घालून पाहत होते.

"पोट उसवून काय बघतीयास पोरी?" आजी म्हणाल्या.

आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. वरच्या थराखाली एक आख्खी जुनी वाकळ होती, विरली म्हणून टाकून न देता नव्या कापडात घेतलेली. तिच्याही खाली विटकरी पडलेलं लाल कापड, ना काठ, ना पदर. आजी हळू आवाजात म्हणाल्या, ते वाड्यातल्या सोवळ्या विधवा बाईंचं अलवण. बाई गेल्यावर तिथे धुण्याभांड्याला जाणाऱ्या सासूला मिळालं. सासूने ते नेसलं नाही आणि वरही लावलं नाही. पण वायाही घालवलं नाही.

कापडाची ओळख मेणबत्ती करून देते, छाप करून देतो. पण ते कुणाचं होतं, हे आजींशिवाय कुणी सांगितलं असतं?

तेव्हापासून गोधडी घेताना मी आधी माणसापाशी बसते. कुणाचं लुगडं, कुणाची बंडी, शिवायला किती जणी बसल्या, दोरा विकतचा की जुन्या काठातून ओढलेला. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकात हल्याळकडे गेले होते. तिथल्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या, कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. त्यातलं प्रत्येक कापड कुणाचं, ते मी दिवसभर लिहून घेतलं. बाजारात उचललेल्या माझ्या पहिल्या अकरा गोधड्यांपुढे मात्र वहीत कापडांची नावं आहेत, माणसाचं एकही नाही.

आजींच्या वाकळेचा फाटका कोपरा मी त्यांच्याकडूनच शिवून घेतला. दिसत नव्हतं, तरी दाभण ओवून त्यांनी सात टाके घातले.