विश्लेषण : घरातले जुने फिल्मचे रीळ किती मिनिटांचे?

तुमसर तालुक्यातील आंबागडसारख्या गावात किंवा भंडारा-नागपूरच्या जुन्या घरात माळा आवरताना कधी पत्र्याचा डबा निघतो आणि त्यात फिल्मचे रीळ असते. लग्नाचे की किल्ल्यावरच्या सहलीचे, हे कुणालाच नीट आठवत नाही. प्रोजेक्टर नसतो. फिल्म डिजिटल करून देणारे अनेक जण दर फुटावर सांगतात. म्हणून रिळात फिल्म किती आणि ती किती वेळ चालेल, हे आधीच काढून ठेवावे.

फिल्म कोणती, हे कसे ओळखायचे?

आधी पट्टीची रुंदी मोजावी. हौशी चित्रणासाठी कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी फिल्म आणली. ती महाग पडे, म्हणून १९३२ मध्ये ८ मिमी आणि १९६५ मध्ये ‘सुपर ८’ आली. शेवटच्या दोन्हींची रुंदी सारखीच असते, फरक छिद्रांत असतो. साध्या ८ मिमीची छिद्रे मोठी आणि दोन चौकटींच्या सीमेवर असतात; सुपर ८ ची लहान आणि चौकटीच्या मध्याशी. रिळाचे मधले भोकही सुपर ८ मध्ये मोठे असते. मात्र रीळ बदललेले असू शकते, त्यामुळे छिद्रांवरच विसंबावे.

रिळाच्या आकारावरून लांबी कळते का?

अंदाज येतो. ८ मिमी आणि सुपर ८ मध्ये साधारण ३ इंच व्यासाच्या रिळावर ५० फूट, ५ इंचावर २०० फूट आणि ७ इंचावर ४०० फूट फिल्म मावते. ही रिळाची क्षमता झाली. रीळ अर्धेच भरलेले असेल तर फिल्मही कमीच.

साध्या ८ मिमीचे ५० फूट कसे होत, हेही पाहण्यासारखे आहे. कॅमेऱ्यात १६ मिमी रुंदीची २५ फूट फिल्म घालत. एका बाजूवर चित्रण झाले की रीळ उलटून दुसऱ्या बाजूवर करत. नंतर लॅबमध्ये ती पट्टी मधोमध चिरून दोन्ही भाग जोडत.

मिनिटांचा हिशेब कसा करायचा?

एका फुटात साध्या ८ मिमीच्या ८०, सुपर ८ च्या ७२ आणि १६ मिमीच्या ४० चौकटी असतात. फूट गुणिले चौकटी, भागिले दर सेकंदाच्या चौकटी, एवढेच गणित.

• साधी ८ मिमी, ५० फूट, वेग १६ : ४ मिनिटे १० सेकंद
• सुपर ८, ५० फूट, वेग १८ : ३ मिनिटे २० सेकंद
• सुपर ८, ४०० फूट, वेग १८ : २६ मिनिटे ४० सेकंद
• १६ मिमी, ४०० फूट, वेग २४ (बोलपटाचा) : सुमारे ११ मिनिटे

वेग चुकला तर काय होते?

१६ च्या वेगाने टिपलेले लग्न २४ ने दाखवले, तर ४ मिनिटे १० सेकंदांचे चित्रण २ मिनिटे ४७ सेकंदांत संपते आणि वऱ्हाडी धावत सुटतात. टिपण्याचा आणि दाखवण्याचा वेग वेगळा ठेवला की काय घडते, हे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्येच दाखवले होते. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अंतराअंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. म्हणून डिजिटल करताना योग्य वेग ठेवण्यास आवर्जून सांगावे.

काय टाळावे?

जुनी फिल्म उगाच प्रोजेक्टरवर चढवू नये. ती वाळून आक्रसलेली असेल तर दात्यांवर फाटते, आणि घरच्या रिळाची दुसरी प्रत बहुधा नसतेच. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेटची झीज सुरू झाली आहे. ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवून आधी स्कॅन करून घ्यावे. उष्णता आणि दमटपणाने ही झीज वाढते. त्यामुळे विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखालचा माळा ही फिल्मसाठी सर्वांत वाईट जागा. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तापमान आणि आर्द्रता नियंत्रित ठेवून रिळे जपली जातात. घरी निदान कोरडी, थंड, अंधारी जागा निवडावी. डिजिटल प्रत मिळाली तरी मूळ रीळ फेकू नये. आणि चित्रातली माणसे ओळखणारे कुणी घरात आहे तोवर त्यांची नावे डब्यावर लिहून घ्यावीत.