तमाशाच्या ध्वनिमुद्रणातील स्वयंचलित पातळी-नियमन : नारायणगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. चैत्रातील गावयात्रांच्या तोंडावर येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावच नव्हे, तर दूरदूरच्या जिल्ह्यांतील गावकरी येथे येऊन तमाशाची सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाची परंपरा आणि त्या परंपरेत वाढलेल्या, १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे कर्तृत्व येथील वाचकांस नव्याने सांगण्याची गरज नाही. या कलेचे ध्वनिमुद्रण झाल्यानंतर संगणकावर त्या मुद्रणाचे नेमके काय होते, याची चर्चा मात्र आपल्या अभ्यासवर्तुळात फारशी होत नाही.

लोककलांचे संकलन करणारा प्राध्यापक वा संशोधक विद्यार्थी आपले मुद्रण ‘ऐकण्याजोगे’ करून घेण्यासाठी स्टुडिओकडे सोपवितो. तेथे आवाजाची पातळी आपोआप समान करणारे प्लगइन, म्हणजे मुख्य ध्वनिमिश्रण-प्रणालीला जोडावयाची छोटी संगणक-आज्ञावली, लावले जाते. परत आलेले मुद्रण गुळगुळीत व सुश्राव्य असते आणि तेच पुढे अभ्याससाधन म्हणून संग्रहात ठेवले जाते. हे साधन कसे चालते आणि तमाशाच्या बाबतीत ते पुराव्याला कोठे धक्का लावते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हाताने होणारे काम आणि यंत्राने होणारे काम

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे प्रमाण गुणोत्तराचे असल्याने सुमारे ६ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिलहरीचा आयाम दुप्पट होणे होय. मानवी कानाला मात्र आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यास साधारण १० डेसिबलची वाढ लागते. गायक कुजबुजतो आणि लगेच टिपेला जातो, तेव्हा हा फरक १५-२० डेसिबलचा सहज होतो. पूर्वी ध्वनिमुद्रक फेडरवर बोट ठेवून, गाण्याचे शब्द समोर घेऊन, दबलेला शब्द उचलीत असे आणि फुटणारा शब्द खाली घेत असे. या कामाला गाण्याची जाण लागे; पुढच्या ओळीत काय येणार आहे हे त्याला ठाऊक असावे लागे.

यंत्राने हे काम करण्याची कल्पना जुनी आहे. रेडिओ संचात दूरच्या व जवळच्या केंद्रांचा आवाज सारखा राहावा म्हणून हॅरल्ड व्हीलर यांनी १९२५ साली स्वयंचलित ध्वनिनियंत्रणाची रचना केली. ध्वनिमुद्रणात पुढे कॉम्प्रेसर रूढ झाला. ठरविलेली मर्यादा ओलांडणारा आवाज तो ठरावीक प्रमाणात दाबतो आणि हे कार्य काही सहस्रांश सेकंदांत घडते. त्यामुळे आवाजाचा पोतही बदलतो. अनुभवी कानाला ‘दाबलेला’ आवाज ओळखू येतो.

पातळी-नियमन करणारे प्लगइन याहून निराळे आहे. ‘वेव्हज’ या कंपनीचे ‘व्होकल रायडर’ हे त्याचे परिचित उदाहरण. ते एका सेकंदाच्या काही दशांशांपासून काही सेकंदांपर्यंतच्या अवधीतील सरासरी पातळी मोजते, तिची तुलना ठरविलेल्या लक्ष्याशी करते आणि एक अदृश्य फेडर वरखाली करीत राहते. हा फेडर जास्तीत जास्त किती वर वा खाली जावा, हे वापरणारा ठरवितो. साथीचा आवाज त्यास स्वतंत्रपणे पुरविल्यास साथ चढली असता ते गायकालाही चढविते. फेडरची ही सारी हालचाल आलेखरूपाने लिहून ठेवता येते आणि नंतर हाताने दुरुस्तही करता येते. ही शेवटची सोय अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, आणि नेमकी तीच बहुधा वापरली जात नाही.

केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडू. एक संवाद उणे ३० डेसिबलवर आहे आणि लावणीची उठावणी उणे १२ वर. फरक १८ डेसिबल, म्हणजे आयामाच्या भाषेत सुमारे आठपट. लक्ष्य उणे १८ ठेवून फेडरला वर-खाली ६ डेसिबलची मुभा दिली, तर संवाद उणे २४ वर येईल आणि उठावणी उणे १८ वर. आठपटीचा फरक दुपटीवर आला. ऐकणाऱ्याला दोन्ही स्पष्ट ऐकू येतात. गेला तो मधला अंतराय.

फडाची रचना आणि यंत्राचा गैरसमज

चित्रपटगीताच्या मुद्रणात गायक बंद कक्षात एकटा असतो. तमाशात तसे नसते. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि झीलकरी हे सर्व गायिकेपासून हातभर अंतरावर उभे असतात आणि तिच्या ध्वनिग्राहकात त्या सर्वांचा शिरकाव असतो. गायिका ओळ सोडते आणि झीलकरी ती उंच स्वरात उचलून धरतात. यंत्राच्या दृष्टीने येथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. गायिका थांबली, तिच्या ध्वनिग्राहकातील पातळी उतरली, म्हणून यंत्र फेडर वर नेते. आत शिरलेली झील आणि हलगी त्यासरशी फुगतात. गायिका पुन्हा सुरू करते तेव्हा फेडर वरच असतो, म्हणून पहिला शब्द अंगावर येतो आणि यंत्र घाईने त्यास खाली खेचते. ज्या प्लगइनमध्ये ध्वनी थोडा आगाऊ वाचण्याची सोय असते तेथे हा झटका कमी होतो; पण झील कोणती आणि गायिका कोणती, हा विवेक केवळ पातळी मोजणाऱ्या यंत्राला नाही. ढोलकीचा तोडा आणि गळ्याची तान त्याच्या लेखी सारखीच.

याहून गंभीर हानी बतावणीत होते. गण व गवळण संपल्यावर सोंगाड्या रंगमंच ताब्यात घेतो. तो अर्धे वाक्य प्रेक्षकांना, अर्धे स्वतःशी बोलतो. मोठ्याने सुरू केलेली थाप ओठातल्या ओठात संपवितो, आणि हशा त्या उतरत्या शेपटावर येतो. पातळी सारखी केली की स्वगत व जाहीर यांतील भेद जातो. लिप्यंतरात शब्द सगळे सापडतात, विनोद मात्र सापडत नाही. वगातील राजाचा दरबारी स्वर आणि चोरट्या मसलतीचा स्वर यांचेही तेच. उघड्या मैदानात हजारोंच्या जमावापुढे आवाज कसा फेकावा आणि कोठे आवरावा, हे शास्त्र ज्या पिढीने कमावले तिचे साक्षीदार आता थोडे उरले आहेत. त्यांच्या मुद्रणात हे चढउतार राहिले नाहीत, तर अन्य कोणत्याही कागदपत्रावरून ते पुन्हा मिळविता येणार नाहीत.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरणही येथे लक्षात घ्यावे. हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. जाते फिरत असताना केलेल्या अशा मुद्रणावर पातळी-नियमन लावले, तर बाई श्वास घेईल त्या प्रत्येक क्षणी जात्याची घरघर पुढे येईल.

दोन प्रक्रियांची गल्लत

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली बीएस १७७० या शिफारशीद्वारे ध्वनीची जाणवणारी तीव्रता मोजण्याची रीत ठरवून दिली. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये तिच्या आधारे उणे २३ एलयूएफएस ही प्रसारणाची पातळी निश्चित केली. या रीतीने संपूर्ण मुद्रण एकाच मात्रेने वर वा खाली सरकविले जाते. त्याच्या अंतर्गत चढउतारांना बाधा येत नाही. यास पातळी-सामान्यीकरण म्हणावे. पातळी-नियमन क्षणोक्षणी मात्रा बदलते. स्टुडिओला सूचना देताना या दोहोंची गल्लत होते आणि पहिले हवे असताना दुसरे पदरात पडते.

खोडदचा दाखला

नारायणगावपासून जवळच असलेल्या खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण २००१ साली राष्ट्रार्पण झाली. तिच्या ग्राहक-साखळीतही स्वयंचलित पातळी-नियंत्रणाची योजना आहे आणि निरीक्षकाची इच्छा असल्यास ती वगळण्याची तरतूदही आहे. कारण उघड आहे. पल्सारसारख्या स्रोताची तीव्रता काळानुसार कशी बदलते हाच जेथे अभ्यासविषय, तेथे पातळी समान राखणारे मंडल मोजमापालाच हात घालते. विज्ञान शाखेतील आपल्या सहकाऱ्यांना ही दक्षता स्वाभाविक वाटते. तमाशाचे मुद्रण हेही मोजमाप आहे, असे मानण्यास भाषा विभागाने संकोच करण्याचे कारण दिसत नाही.

संकलकांसाठी काही व्यवहार्य बाबी

प्लगइन मूळ फाइलला स्पर्श करीत नाही. ते काढून टाकले की मूळ ध्वनी जसाच्या तसा मिळतो. अनेक मोबाइल व लहान मुद्रणयंत्रांमध्ये मात्र हेच नियमन मुद्रण होत असतानाच चालू असते, आणि तेव्हा गेलेले परत येत नाही. म्हणून यंत्रातील ही सोय प्रथम बंद करावी. २४ बिट मुद्रणाचा तात्त्विक आवाका सुमारे १४४ डेसिबल इतका आहे. झीलकऱ्यांना सर्वांत उंच झील एकदा उचलावयास सांगून, तिच्यावर १२ डेसिबल मोकळे राहतील अशी पातळी कायम केली, तर दबका संवादही वाया जात नाही.

संग्रहात मूळ फाइल, श्रवणासाठी केलेली प्रत आणि फेडर-हालचालीचा आलेख या तिन्ही गोष्टी एकाच नोंदक्रमांकाखाली ठेवाव्यात. लक्ष्य-पातळी व मुभा यांचे आकडे नोंदवहीत लिहावेत. श्रवणप्रतीसाठी गण, गवळण व लावणीस ३ डेसिबलच्या आतील मुभा बहुतेक वेळा पुरेशी ठरते, आणि झीलेच्या जागी आलेख हाताने सपाट करावा. बतावणीवर हे प्लगइन लावूच नये. तेथे फेडर माणसाच्याच हाती असावा, आणि शक्यतो तो तमाशा पाहिलेल्या माणसाच्या.