आधी जमिनीवरची दांडी, मग उडी

कुत्र्यांच्या अजिलिटी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या खेळाचं पहिलं प्रात्यक्षिक १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात झालं. आज एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमांनुसार १८ महिन्यांखालील कुत्र्याला स्पर्धेत उतरताच येत नाही, आणि हे योग्यच आहे. हाडांची वाढ पूर्ण होण्याआधी उंच उड्या मारायला लावल्या, तर सांधे कायमचे दुखावू शकतात.

तोवर उडीच्या दांड्या जमिनीवरच ठेवाव्यात. चार-पाच दांड्या सारख्या अंतरावर मांडून कुत्र्याला त्यावरून दुडक्या चालीने नेलं की पाऊल कुठे टाकायचं, हे त्याचं त्याला उमगतं. चांगल्या उडीत वजन आधी मागच्या पायांवर जातं, मग पाठ कमानीसारखी गोल होते. खाऊ किंवा खेळणं हातात उंच धरलं, तर मान वर जाते, पाठ खोलगट होते आणि मागचे पाय दांडीला लागतात. म्हणून बक्षीस पुढे, जमिनीवरच ठेवावं. घसरत्या फरशीवर सराव अजिबात नको.

आजवर बिनधास्त उडणारा कुत्रा अचानक दांडीपुढे अडखळू लागला, तर त्याला रागावू नका. दांडी खाली घ्या आणि पशुवैद्याकडून त्याची पाठ, खांदे, डोळे तपासून घ्या.