चांदी एक, किमती दोन!

मुलांनो, नाशिकच्या सराफ बाजारात आईबरोबर तुम्ही कधीतरी गेलाच असाल. चांदीचे निरांजन काट्यावर ठेवायचे, वजनाला त्या दिवसाच्या भावाने गुणायचे, वर घडणावळ मिळवायची, की झाली किंमत! चौथीतल्या मुलालाही हे गणित जमते.

पण चांदी घरी न आणताच विकत घेता आली तर? तशी सोय आहे. तिचे नाव चांदीचा ईटीएफ. म्युच्युअल फंड लोकांच्या पैशांतून शुद्ध चांदी घेऊन तिजोरीत ठेवतो आणि तिचे छोटे छोटे वाटे करतो. एक वाटा म्हणजे एक युनिट. ते शेअर बाजारात शेअरसारखेच मिळते. त्यासाठी डिमॅट खाते लागते. सेबीने २०२१ साली परवानगी दिली आणि जानेवारी २०२२ मध्ये भारतात पहिला चांदीचा ईटीएफ आला. घडणावळ नाही, चोराची भीती नाही. सांभाळण्याचा थोडा खर्च फंड कापून घेतो, एवढेच. चांदी उतरली की युनिटही उतरते, हे तर उघडच आहे.

"मग सोपेच की!" असे म्हणाल. थांबा हं! इथे किमती दोन असतात. आतल्या चांदीची एक, आणि बाजारात युनिट ज्या भावाने मिळते ती दुसरी. एरवी त्या जोडीने चालतात. युनिट महाग झाले, की मोठे व्यापारी फंडाकडून नवी युनिटे घेऊन बाजारात विकतात आणि भाव खाली येतो. पण नव्या युनिटांसाठी नवी चांदी नको का? ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चांदीची टंचाई झाली आणि गिऱ्हाइके मात्र वाढली. युनिटचा भाव आतल्या चांदीच्या पुढे पळाला. चांदीच्या ईटीएफमध्ये पैसे गुंतवणाऱ्या काही योजनांनी तर एकरकमी पैसे घेणेच काही दिवस थांबवले.

आता पाटीवर गणित मांडा. समजा, आत १०० रुपयांची चांदी आहे आणि युनिट घेतले ११० रुपयांना. टंचाई संपली, चांदी होती तिथेच राहिली, तरी युनिट १०० च्या आसपास येणार. चांदी स्वस्त न होताच १० रुपये गेले!

म्हणजे ईटीएफ समजायला सोपा, पण घेताना डोळे उघडे हवेत. आई-बाबा घेणार असतील तर त्यांना तीन प्रश्न विचारा. आत काय आहे? त्याची आजची किंमत किती? बाजारात युनिटचा भाव किती? आतली किंमत फंडाच्या संकेतस्थळावर मिळते. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि वजाबाकी तुम्ही करा.

उत्तरे देता आली नाहीत, तर आई-बाबांना खुशाल सांगा, "आधी अभ्यास, मग खरेदी!"