मूल आजोळी, हुकूम परदेशी

जानेवारी १९८६. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात घटस्फोट झालेला एक बाप आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन निघाला, तो थेट पुण्यात येऊन थांबला. मुलाचा ताबा तिथल्या कोर्टाने अमेरिकन आईकडे दिला होता. बापाला होती ती शनिवार-रविवारच्या भेटीची मुभा. तीच त्याने वापरली. आईने भारताच्या सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी मागणी करणारी, याचिका लावली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिलं, बापाचं वागणं निंद्य ठरवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मूल आईच्या स्वाधीन केलं.

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेत राहणारी एक भारतीय आई पस्तीस दिवसांचं तान्हं बाळ घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली आणि १९८४ मध्ये भारतात परतली. तिकडच्या कोर्टाचा हुकूम बापाच्या बाजूने होता. इकडेही मुंबईचं कौटुंबिक न्यायालय आणि उच्च न्यायालय बापाच्याच बाजूने गेलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नोव्हेंबर १९९७ मध्ये ते निकाल फिरवले आणि मूल आईकडे ठेवलं. परदेशी हुकूम विचारात घ्यायचा, पण शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा, असं न्यायालय म्हणालं. तोवर मूल बारा वर्षांहून जास्त काळ इथे रुळलं होतं. त्याला उपटून परक्या देशात पाठवायचं कसं?

दोन्ही निकाल आपापल्या जागी पटतात. पण शेजारी ठेवून वाचले की एक अडचणीची गोष्ट दिसते. पहिल्या प्रकरणात दहा महिन्यांत निकाल लागला, दुसऱ्यात तपाहून अधिक काळ गेला. म्हणजे खटला जितका रेंगाळेल, तितकी मूल ज्याच्याकडे आहे त्याची बाजू भक्कम. वकील मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं.

नेमकी हीच फट बुजवण्यासाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. मूल कुणाकडे राहावं, हे हा करार ठरवत नाही. ते कुठल्या देशाच्या कोर्टाने ठरवायचं, एवढंच तो सांगतो: मूल जिथे नेहमी राहत होतं, तिथल्या. प्रत्येक सदस्य देशात यासाठी एक केंद्रीय यंत्रणा असते. तिच्याकडे अर्ज करायचा, मग ती समोरच्या देशात मुलाचा शोध, समेटाचा प्रयत्न, कोर्टाची वाट हे सगळं बघते. मूल सोळा वर्षांखालचं हवं. निर्णय साधारण सहा आठवड्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. वर्ष उलटल्यावर अर्ज आला आणि मूल नव्या जागी रुळलेलं असलं, तर कोर्ट परतपाठवणी नाकारू शकतं. परत पाठवण्यात मुलाला गंभीर धोका असेल तरीही नाकारता येते.

शंभरहून अधिक देश या करारात आहेत. श्रीलंका आहे, पाकिस्तान आहे. बरीच वर्षं अडून बसलेला जपानही २०१४ मध्ये आला. भारत नाही.

विचारच झाला नाही, असं नव्हे. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये त्यासाठीच्या विधेयकाचा मसुदा तपासून सुधारून दिला. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. सरकारचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. करार झाला तेव्हा डोळ्यांसमोर होता मूल पळवणारा बाप. प्रत्यक्षात जगभर बहुतेक प्रकरणांत मूल घेऊन निघते ती आई. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, स्वतःची कमाई नसलेली, मार खाणारी सून माहेरी येणार नाही तर जाणार कुठे? तिला ‘अपहरण करणारी’ म्हणून परत धाडणं हा न्याय नव्हे.

हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. समजा, अमेरिकेत जन्मलेलं मूल आईबरोबर माजलगावला आजोळी आलं आणि परतलंच नाही. बापाने धावायचं कुठे? १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार अर्ज करायचा तो मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात. पण हे मूल सामान्यतः राहतं कुठे, अमेरिकेत की माजलगावात? पहिला वाद तिथेच पेटतो. दुसरी वाट म्हणजे उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस. पोलिसांकडून फारशी आशा नको. मनाई हुकूम नसताना बापाने मूल नेलं तर तो अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये अमरावतीच्या एका प्रकरणात म्हटलं आहे.

करार नसला की कोर्टं आपापल्या परीने तोडगा काढतात. त्यातला एक म्हणजे ‘मिरर ऑर्डर’: आपल्या कोर्टाचा हुकूम जसाच्या तसा परदेशी कोर्टातूनही घेऊन ठेवायचा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच अटीवर एका मुलाचा ताबा केनियातल्या बापाकडे दिला. मूल हाताशी आल्यावर बापाने अटी धुडकावल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला, २०२२ मध्ये अवमानाबद्दल शिक्षाही सुनावली. पण बाप केनियात होता.

म्हणून मधला मार्ग काढायलाच हवा. परतपाठवणीचा अर्ज ठरावीक मुदतीत निकाली काढणारा कायदा आणि त्यातच छळाला कंटाळून आलेल्या आईसाठी स्पष्ट अपवाद, या दोन्ही गोष्टी एकत्र बसू शकतात. तोवर मूल घेऊन परतणाऱ्या लेकींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एवढं करावं: परदेशातल्या पोलिसांकडच्या तक्रारी, डॉक्टरांचे कागद, मुलाचे शाळेचे दाखले बरोबर आणावेत, तिकडून कोर्टाची नोटीस आली तर ती फाडून टाकू नये, आणि नातेवाइकांच्या बैठका भरवत बसण्याआधी वकील गाठावा.