जर्मनीत शिक्षण खरंच फुकट असतं का?

परवा अंबडला शेजारच्या काकांनी मोसंबी सोलता सोलता पोराचं ऑफर लेटर पुढ्यात टाकलं. "बारा लाख फी लिहिलीय. तू तर फुकटात शिकलास ना रे?"

लेटर खासगी कॉलेजचं होतं. एजंट बहुतेकदा तिकडेच नेतात, कमिशन तिथून मिळतं.

फी माफ असते ती सरकारी विद्यापीठांत. तिथेही अपवाद आहेत. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात, तिथे २०१७ पासून आपल्याला सत्राला १५०० युरो पडतात.

कोर्स 'डाड' (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, आणि नावावर जाऊ नका, विषयांची यादी वाचा. मी 'मटेरियल्स' वाचून अर्ज ठोकला, निम्मे पेपर सिम्युलेशनचे निघाले. मला भट्टी बघायची होती, स्टीलवाल्या जालन्याचाच ना शेवटी!

खरी अडचण खात्याची. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक खात्यात दाखवावे लागतात. पैसे आपलेच, तिथे गेल्यावर महिना ९९२ परत मिळतात. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं, ते लवकर काढा.

कुणाकडे ऑफर लेटर असेल तर फी भरण्याआधी विचारा. रात्री नऊनंतर निवांत उत्तर देतो.