पास झालात की पास आउट?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून नाशिकला आहे आणि राज्यातले बहुतेक डॉक्टर पदवी घेतात ती त्याचीच. त्यातला एखादा लंडनच्या मुलाखतीत ‘आय पास्ड आउट इन २०२३’ म्हणाला, तर समोरच्याला त्याच्या तब्येतीची काळजी वाटायची. रोजच्या इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. चक्कर येऊन म्हणा, नाहीतर दारू जास्त होऊन.

यावरून काही क्लासवाले ही खास भारतीय चूक असल्याचं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. नाशिकच्याच त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उपनिरीक्षकांचं प्रशिक्षण संपताना दीक्षान्त संचलन होतं, त्याचं इंग्रजी नाव ‘पासिंग आउट परेड’. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं, या अर्थाने ब्रिटिश लष्करात आणि पोलिसांतही हाच शब्द चालतो. ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे. आपण तो परेडच्या मैदानावरून उचलला आणि इंजिनिअरिंग, फार्मसी, आयटीआय, सगळीकडे नेला. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ‘२०२४ पासआउट’ ऐकून कुणी दचकत नाही. मात्र असं नाम करून वापरणं हा प्रकार आपल्याकडचाच. (उन्हात तासभर सावधान उभं राहून एखादा कॅडेट खरोखर कोसळला, तर दोन्ही अर्थ एकाच मैदानावर भेटतात.)

माझ्या मते खरा घोटाळा वेगळाच आहे. ‘पास’ आणि ‘पास आउट’ एकच, असं आपण धरून चालतो. परीक्षेला ‘आउट’ लागत नाही. ‘आय पास्ड द एक्झाम’ एवढंच. ‘आउट’मध्ये संस्थेतून बाहेर पडणं आहे. एमबीबीएसला या दोन गोष्टींत वर्षाचं अंतर पडतं, कारण शेवटची परीक्षा पास झाल्यावरही सक्तीची वर्षभराची इंटर्नशिप उरते. मग ‘पास आउट २०२३’ म्हणजे परीक्षा की इंटर्नशिपचा शेवट? हे नाशिकच्या मुलाखतकारालाही विचारावंच लागेल.

शब्दापुढे कर्म आलं की अर्थ आणखी बदलतो. ‘पास आउट द पेपर्स’ म्हणजे कागद वाटा. ‘पास अवे’ मात्र निधनासाठी. तिथे घाईत ‘आउट’ म्हणू नये.

बायोडेटात पदवीसाठी ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम’ लिहावं आणि पुढे महाविद्यालयाचं नाव. डिप्लोमा किंवा आयटीआय असेल तर ‘कम्प्लीटेड’ पुरतं. पोलीस अकादमीतून बाहेर पडलेल्याने ‘पास्ड आउट’ बिनधास्त लिहावं.